पेटीची सवय असलेल्या हातांसाठी स्वस्त मिडी कंट्रोलर

गणपती दोन महिन्यांवर आले की आमच्या कुडाळ-कणकवलीकडे एक प्रश्न हमखास कानावर येतो. मंडळातल्या एखाद्या मुलाला गजर घरच्या घरी रेकॉर्ड करून त्यावर थोडं संगीत चढवायचं असतं. लॅपटॉप असतो, हेडफोन असतो, आता 'मिडी कीबोर्ड', म्हणजेच मिडी कंट्रोलर, कुठला घेऊ आणि स्वस्तात स्वस्त कितीला पडेल, एवढंच विचारायचं असतं. विचारणाऱ्यांत कुणी पेटीवाला, कुणी पखवाजी, तर कुणाला काहीच वाजवता येत नाही पण शिमग्याच्या ढोलाचा ठेका कॉम्प्युटरवर बांधायचाय. या तिघांच्या हाती एकच यंत्र देऊन चालणार नाही, आणि इंटरनेटवरच्या 'टॉप टेन' याद्या तेच करतात. त्यामुळे आधी तुमचे हात काय वाजवतात ते बघू, यंत्रांची नावं मागाहून.

यात आवाज नसतो

पहिल्यांदा कंट्रोलर बघणारे आमच्याकडचे एक बुवा पट्ट्या दाबत म्हणाले होते, "खंय गेलो ह्येचो आवाज?" प्रश्न अगदी रास्त आहे. मिडी कंट्रोलर म्हणजे सूर काढून घेतलेली पेटी: पट्ट्या आहेत, नाद नाही. पट्टी दाबली की तो कॉम्प्युटरला एवढंच कळवतो की अमुक नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आणि आता सोडली. आवाज तयार करतं ते कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर.

मिडी ही यंत्रांची भाषा १९८३ सालची आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट ६०० आणि रोलँडचा ज्युपिटर ६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकवलं होतं. तेव्हा ठरलेले आकडे आजही तेच आहेत. पट्ट्यांना ० ते १२७ नंबर, मधली पांढरी एक ६० नंबरची, आणि दाबण्याचा जोरसुद्धा १२७ पर्यंतच मोजायचा.

याचा खिशाशी थेट संबंध आहे. पाच हजारांच्या आणि पंचवीस हजारांच्या कंट्रोलरमधून एकच सॉफ्टवेअर वाजवलं तर सतार तीच ऐकू येणार. जास्तीचे पैसे जातात ते पट्ट्यांची संख्या, त्यांचा हाताला लागणारा स्पर्श आणि वरची बटणं यांत. 'साउंड क्वालिटी भारी आहे' असं सांगून कुणी कंट्रोलर विकत असेल तर दुकान बदला.

विकत घेण्याआधी घर धुंडाळा

माळ्यावर जुना कॅसिओ किंवा यामाहा असेल तर खाली काढा आणि मागची बाजू बघा. प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी भोक असेल आणि शेजारी 'टू होस्ट' लिहिलेलं असेल, तर तुमच्याकडे मिडी कंट्रोलर आधीपासूनच आहे. प्रिंटरची केबल आणा नि सुरू करा. पेन ड्राइव्हचं चपटं भोक या कामाचं नाही. यूएसबी नसून पाच टाचण्यांची गोल मिडी सॉकेट असतील तर त्यासाठी यूएसबी-मिडी केबल वेगळी मिळते. फक्त त्यातली अगदी स्वस्तातली घेऊ नका, भरभर वाजवलं की तिच्यातून मधलेच स्वर गळतात.

काहीच नसेल तर आठवडाभर लॅपटॉपच्या अक्षरांवर वाजवा. मॅकवरच्या गॅरेजबँड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, एबलटनमध्ये आहे, रीपरमध्येही स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडता येतो. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं आणि परवाना ६० डॉलरपासून आहे. वाजवायला हे त्रासदायकच आहे, पण आठवड्यानंतर हात शिवशिवत असतील तर पैसे घालायला हरकत नाही. कंटाळा आला असेल तर पैसे वाचले.

पट्ट्या: किती आणि केवढ्या

आपल्याकडची पेटी साधारण ३९ किंवा ४२ पट्ट्यांची. स्वस्त कंट्रोलर २५, ३२, ३७, ४९ आणि ६१ पट्ट्यांत येतात. सगळ्यात जास्त खपतात २५ पट्ट्यांचे, आणि पेटीवाल्याची अडचण होते ती त्यांच्यावरच. २५ म्हणजे दोन सप्तकं आणि वरचा एक सा. वर-खाली जायला सप्तक बदलायची दोन बटणं असतात हे खरं, पण द्रुत लयीत गजर चढलेला असताना मंद्रातून तारसप्तकात जाणारी तान मध्येच थांबवून बटण कोण दाबणार?

त्यातही छोटे कंट्रोलर बहुतेक 'मिनी' पट्ट्यांचे असतात. पूर्ण आकाराच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साधारण साडेसोळा सेंटीमीटर भरतात. मिनीमध्ये हे अंतर बरंच कमी असतं आणि कंपनीगणिक बदलतं. दुकानात जाताना साडेसोळा सेंटीमीटरची कागदी पट्टी कापून खिशात ठेवा आणि सात पांढऱ्यांवर धरून बघा. वर्षानुवर्षं पेटीवर बसलेली बोटं मिनी पट्ट्यांवर शेजारच्या स्वरावर जातात. पाटी कोरी असलेल्याला मात्र मिनी सहज जमतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: पेटी येत असेल तर ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्या, बाकी यंत्र कितीही साधं असलं तरी चालेल. ६१ दोन्ही हातांनी पियानो शिकायचा असेल तर घ्या. टेबल आधी मोजा. ४९ मध्ये २९ पांढऱ्या पट्ट्या येतात, म्हणजे नुसत्या पट्ट्याच ६८ सेंटीमीटर. डावीकडची चाकं आणि कडा धरून ऐंशीच्या आसपास जागा लागते. मांडी घालून वाजवायची सवय असेल तर जुन्या रुंद पाटावर हे यंत्र मस्त बसतं, टेबलाची गरजच नाही.

भात्याचं काय करायचं

पेटीवाला कंट्रोलर घेतो, सॉफ्टवेअर उघडतो, बासरी लावतो आणि दोन मिनिटांत म्हणतो, 'आवाज वरखाली होतोय, पीस खराब आहे.' पीस ठीक असतो. पेटीची पट्टी हळू दाबा की आपटा, आवाजाचा जोर भात्यावर ठरतो. त्यामुळे पेटीवाल्याच्या बोटांना सारख्या जोराने दाबायचं वळण कधी लागलेलंच नसतं. कंट्रोलर मात्र प्रत्येक पट्टीचा जोर मोजतो. याला वेलॉसिटी म्हणतात. करंगळीचा स्वर ३५ वर, मधल्या बोटाचा ११० वर, असे आकडे स्क्रीनवर नाचताना दिसतात.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. आधी कंट्रोलरच्या किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'वेलॉसिटी कर्व्ह' शोधा आणि 'फिक्स्ड' करा. आता सगळ्या पट्ट्या एकाच जोराने बोलतील. मग भाता परत मिळवायचा. डाव्या हाताला मॉड्युलेशनचं चाक किंवा सरकपट्टी, म्हणजे फेडर, असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या बटणावर 'मिडी लर्न' निवडा आणि चाक एकदा हलवा. दोघांची गाठ पडते. आकड्यांत सांगायचं तर मॉड्युलेशन १ नंबरवर, व्हॉल्यूम ७ वर आणि एक्स्प्रेशन, म्हणजे वाजवताना होणारा आवाजाचा चढउतार, ११ वर असतं. भात्याचं काम ११ नंबरवर टाकलेलं चांगलं, म्हणजे ७ नंबर मिक्सिंगसाठी मोकळा राहतो. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात आवाज फुलवायला: ही विभागणी पेटीवाल्याच्या अंगवळणी पडलेलीच असते. पियानो शिकून आलेल्यांना ती मुद्दाम शिकावी लागते.

खरेदी करताना ही गोष्ट बारकाईने बघा, कारण स्वस्त यंत्रांत इथेच कात्री लागलेली असते. मॉड्युलेशनचं चाक सोडलं तिथेच राहतं, ते भात्याला चालतं. काही छोट्या यंत्रांवर चाकांऐवजी जॉयस्टिक असते. ती सोडताच स्प्रिंगने मधोमध परत येते, म्हणजे आवाज धरून ठेवता येत नाही. अशा वेळी एखादं गोल नॉब त्या कामाला लावावं लागतं, पण नॉब चिमटीत धरून फिरवायचं आणि ताल सांभाळायचा हे अवघड जातं. काहींवर बोट सरकवायची पट्टी असते. ती एरवी ठीक, पण मे महिन्यात घामेजलं बोट तिच्यावर अडखळतं.

दशावतारात पायपेटी वाजवणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांवर आणि जोर पायात. त्यांना एक्स्प्रेशन पेडल लागेल. या किमतीतल्या बहुतेक यंत्रांना पेडलचं भोक असतं, पण ते फक्त सस्टेनच्या, म्हणजे स्वर लांबवणाऱ्या, चालू-बंद पेडलसाठी. माहितीपत्रकात 'एक्स्प्रेशन' हा शब्द सापडला तरच त्यावर विसंबा.

चाकावरून मींडही आली. पिच बेंडचं चाक साधारणपणे दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली एवढं वाकवतं. सनई-बासरीला याहून जास्त हवं तर ते वाद्याच्या सेटिंगमध्ये वाढवता येतं. पेटीत मींड निघत नाही, त्यामुळे या चाकाची सवय नव्यानेच करावी लागते. आधी कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर सावकाश जाणं घोटा. चाक सोडताना स्वर खाली झटकन पडतो, तो झटका लपवायला थोडे दिवस जातात.

आणि एक स्पष्ट सांगतो: घरात चांगली पेटी असेल तर पेटीचा आवाज पेटीचाच रेकॉर्ड करा. कंट्रोलरवर तानपुरा, बेस, सनई, तंतुवाद्यांचा भरणा असलं काय ते वाजवा. त्यासाठी आधी फोनवरच्या ट्यूनर अॅपने पेटी तपासा. सॉफ्टवेअर ४४० हर्ट्झला लावलेलं असतं आणि जुनी पेटी त्याहून थोडी चढी किंवा उतरी असतेच. फरक दिसला तर पेटीला हात लावू नका, सॉफ्टवेअरमधल्या वाद्याचं 'ट्यूनिंग' तेवढ्या सेंट्सनी (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) सरकवा.

पट्टी बदलायचं बटण

सगळं पांढरी एकमध्येच शिकलेल्यांना ट्रान्स्पोजचं बटण फार उपयोगी. बुवा काळी चारमध्ये गातात? ट्रान्स्पोज ८ वर, किंवा ४ खाली, आणि बोटं आपली पांढरी एकचीच. स्केल-चेंजर पेटीत पट्ट्यांची फळी सरकवून जे होतं तेच. बटण कंट्रोलरवर नसलं तरी सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, त्यामुळे यावरून यंत्र ठरवू नका.

पॅड कुणाला

ढोल, ताशा, हिप-हॉपचे ठेके यांसाठी रबरी चौकोन, म्हणजे पॅड, हवेतच. आठ पुरतात. बोटाने हलकं आणि जोरात मारून बघा. हलक्या टिचकीला जो पॅड बोलत नाही तो काही दिवसांत डोक्याला ताप होतो. शिमग्याचा ढोल बसवायचा तर एका पॅडवर जाड काठीचा घाव, शेजारी बारीक काठीचा, तिसऱ्यावर झांज. पॅडचे नंबर बहुधा ३६ पासून सुरू होतात आणि ठरलेल्या पाश्चात्त्य ड्रमच्या मांडणीत ३६ वर बास ड्रम, ३८ वर स्नेअर असतो, त्यामुळे पहिला पॅड मारताच धपकन बास ड्रम वाजला तर घाबरू नका.

पखवाजींना मात्र फार आशा लावत नाही. धा, ता, दिं वेगवेगळ्या पॅडवर बसतील, पण 'तिट कत गदि गन' चौपटीत स्वस्त पॅडवर काढणं जवळजवळ अशक्य आहे. 'नोट रिपीट' बटण दाबून धरलेला एकच पॅड भरभर वाजवून देतं, पण प्रत्येक घाव सारखा पडतो आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पखवाज माइकवर घ्या.

नॉब आणि फेडर किती, यात वेळ घालवू नका. एक-दोन पुरतात, बाकीच्यांवर धूळ बसते.

नावं आणि पैसे

किमती डॉलरबरोबर आणि सणासुदीच्या सवलतींबरोबर हलतात, त्यामुळे मोघमच सांगतो. पाच-सात हजारांत अकाईचा एलपीके २५, कॉर्गचा नॅनोकी २, एम-ऑडिओचा कीस्टेशन मिनी ३२ असले लहान पीस येतात. नॅनोकीच्या पट्ट्या म्हणजे कॉम्प्युटरची बटणंच. झोळ्यात टाकून नेण्यापुरता तो ठीक, वाजवण्याचं सुख त्यात शोधू नका.

आठ ते बारा हजारांच्या घरात खरी निवड आहे. अकाई एमपीके मिनी एमके ३: २५ मिनी पट्ट्या, ८ पॅड, ८ नॉब आणि ती परत येणारी जॉयस्टिक. आर्टुरियाचा मिनीलॅब ३: पट्ट्या, पॅड आणि नॉब तितकेच, वर ४ फेडर, म्हणजे भात्याची सोय झाली. नोव्हेशनचा लाँचकी मिनी: २५ मिनी पट्ट्या, १६ पॅड, एबलटनवाल्यांना सोयीचा. आणि त्याच पैशांच्या आसपास, चकचकीत काही नसलेले, एम-ऑडिओ कीस्टेशन ४९ आणि नेक्टार इम्पॅक्ट जीएक्स ४९: पूर्ण आकाराच्या पट्ट्या, दोन खरी चाकं, पॅड नाहीत. पेटीवाल्यांनी या शेवटच्या दोघांतून निवडावं. ठेकेवाल्यांनी एमपीके किंवा लाँचकी. दोन्ही थोडं थोडं करणाऱ्याने मिनीलॅब.

बरोबर मिळणारं सॉफ्टवेअरही बघा. एबलटन लाइव्ह लाइट बऱ्याच पीसबरोबर येतं आणि सुरुवातीला तेवढं भरपूर होतं. मोफत वाद्यंही कमी नाहीत: स्पिटफायरचं लॅब्स, सर्ज एक्सटी, व्हायटल. बजेट एकूण पंधरा हजार असेल तर सगळे कंट्रोलरवर उडवू नका, चार-पाच हजार तारेच्या चांगल्या हेडफोनसाठी बाजूला काढा.

कुठून घ्यावा

हात लावून बघता आला तर सोन्याहून पिवळं. मुंबईला जाणं होत असेल तर धोबीतलावला फुर्टाडोसमध्ये जाऊन अर्धा तास वाजवून या. कंट्रोलर बंद असला तरी चालेल, पट्ट्यांचा स्पर्श विजेशिवायही कळतो. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी तुमच्या पिनकोडवरून माल परत नेतात का ते तपासा. आमच्याकडे वाड्या-वाड्यांत आणून देतात, परत न्यायला येत नाहीत. खोकं उघडताना फोनवर सलग व्हिडिओ काढा.

जुना घेत असाल तर लॅपटॉप घेऊन जा आणि विंडोजवर मिडी-ऑक्ससारखा आकडे दाखवणारा मोफत प्रोग्राम लावून ठेवा. प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात. हळू दाबूनही एखादी १२७ दाखवत असेल तर तिच्याखालचा रबरी संपर्क गेला. चाक हात न लावता आकडे हलवतंय का बघा. यूएसबीची पिन हलकेच डुलवा. तुटक जोडणी असेल तर तो पीस सोडा, कारण समुद्राकाठच्या गावात वापरलेल्या यंत्राची सॉकेट आतून हिरवी पडलेली असू शकते. आणि सोबतच्या सॉफ्टवेअरचा कोड पहिल्या मालकाने बहुधा वापरलेला असतो, त्याचे पैसे वेगळे मोजू नका.

पहिल्या संध्याकाळी

केबल जोडा. आजचे बहुतेक कंट्रोलर वेगळा ड्रायव्हर मागत नाहीत. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुटखाली त्याचं नाव दिसेल, ते चालू करा. एक ट्रॅक घ्या, त्यावर वाद्य चढवा, ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार करा आणि पट्टी दाबा.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर कंट्रोलरला दोष देऊ नका, दोष साउंड कार्डाच्या सेटिंगचा असतो. विंडोजवर अॅसिओ हा उशीर कमी करणारा ड्रायव्हर लागतो. वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, नसेल तर अॅसिओ-फॉर-ऑल हा मोफत ड्रायव्हर टाका आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पल्स ठेवा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स धरले तर हे सुमारे ६ मिलिसेकंद झाले, हाताला जाणवत नाही. १,०२४ ठेवलंत तर २३ होतात आणि ठेका पाठीमागे ओढल्यासारखा वाटतो. आवाज तडतडला तर बफर एक पायरी वाढवा. ब्लूटूथ हेडफोन यासाठी मुळीच नको, त्यातला उशीर कुठल्याही सेटिंगने जात नाही.

लॅपटॉप नसेल तर फोनवरही जमतं. अँड्रॉइड ६ पासून पुढे मिडीची सोय आहे, ओटीजी जोडणी (फोनला यूएसबीचं यंत्र जोडायची सोय) आणि एफएल स्टुडिओ मोबाइलसारखं अॅप पुरे. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे आणि गॅरेजबँड फुकट. त्याआधीच्या आयफोनला लायटनिंगचा कॅमेरा अॅडॉप्टर घ्यावा लागतो.

खारी हवा, पाऊस आणि मुंग्या

कोकणात यंत्र वापरून झिजत नाही, हवेने मरतं. पट्ट्यांखाली कार्बन लावलेले रबरी संपर्क असतात. दमट हवेत त्यांच्यावर थर चढतो आणि एकेक पट्टी मुकी होऊ लागते. जून ते सप्टेंबर रोज दहा मिनिटं वाजवलं तरी हा त्रास कमी होतो. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसून वर कापड टाका. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवायचा मोह होतो, पण आत ओल राहिली तर तिथेच कुजेल. पिशवीत ठेवायचंच तर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. खिडकीखाली नको, झडीचे तुषार येतात.

मुंग्यांचं वेगळंच. लाल बारक्या मुंग्या पट्ट्यांच्या फटीतून आत जाऊन घर करतात, आणि त्यांच्यामागे पाली येतात. यंत्राशेजारी चहाचा कप ठेवायचा नाही हा नियम करा. मुंग्या दिसल्याच तर फवारा मारू नका, तो संपर्कांवर बसतो. यंत्र उन्हात न ठेवता उजेडाच्या कोरड्या जागी उभं करून हलकेच ठोका, त्या आपसूक बाहेर पडतात.

लाईटचं मात्र फारसं टेन्शन नाही. हे कंट्रोलर यूएसबीवरच चालतात, त्यांना ५ व्होल्टचा जेमतेम प्रवाह लागतो. लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत काम सुरू राहतं, आणि चार्जर काढल्यावर रेकॉर्डिंगमधली घरघरही बऱ्याचदा थांबते. पावसात वीज कडाडायला लागली की चार्जरची पिन भिंतीतून काढूनच बसा. केबल एक जादा घेऊन ठेवा. सगळ्यात आधी जाते ती तीच, आणि चौकोनी टोकाची यूएसबी केबल गावातल्या मोबाइलच्या दुकानात मिळतेच असं नाही.